राबाखालची शेवळं

पोशीर गावच्या कोंडाजीची सून जयवंता, हिला एक खोड होती. झाकलेलं काही तिच्याच्यानं झाकलेलं ठेववत नसे. चुलीवरचा भात ती इतक्यांदा उघडून बघायची की तो कधी धड शिजायचाच नाही, वर फडफडीत आणि खाली गिच्च. कोंबडी अंड्यांवर बसली की हिचा हात कोंबडीच्या पोटाखाली गेलाच म्हणायचा. बोटं टोचून रक्ताळली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सासू होती तोवर हातावर एखादी चापट बसायची. सासू गेली आणि घरात उरली तीन पुरुषमाणसं: सासरा कोंडाजी, दीर पोपट आणि नवरा नामा. त्यांना भात गिच्च लागला तरी खाण्यावाचून इलाज नव्हता.

पौषातल्या एका दुपारी ठमी आली. ठमी डोंगराच्या कडेच्या ठाकरवाडीतली. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला झाडांच्या फांद्या, म्हणजे कवळ, तोडायचा असला की तिच्या घरची माणसं कोंडाजीकडे कामाला येत. ज्येष्ठ लागला की ती शेवळांच्या जुड्या घेऊन यायची आणि बदल्यात भात न्यायची. भात जयवंता ओटीवरून तिच्या पदरात वरूनच ओतायची, हाताला हात लागू न देता. दोघींची ओळख अशी, अंगणाएवढं अंतर राखून, पण जुनी आणि घट्ट होती.

"जरा जागा दे गे बाय," ठमी म्हणाली.

"बस की."

"मला नाय. ह्यांना."

तिनं फडकं सोडलं. आत तपकिरी, चपटे, मातीनं माखलेले कंद होते. काही सुपारीएवढे, काही मुठीएवढे. जयवंता खाली वाकून बघत राहिली. जन्मभर तिनं शेवळं खाल्ली होती; पाऊस तोंडावर आला की जमिनीतून जांभळट सुळके निघतात, ते तोडायचे, काकडं नावाची आंबट रानफळं घालून त्यांची खाज मारायची आणि भाजी करायची. पण त्या सुळक्याखाली काय असतं हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं आपण हे पाहिलं कसं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

"कंद कशाला काढलास? तुमच्यात कंद काढत नाय ना?"

"नाय काढत. पन उतारच चाललाय त्याला काय करू."

नेरळहून डोंगरावर छोटी गाडी न्यायचं काम निघालं होतं. त्याच्या खडीसाठी एका ठेकेदारानं ठाकरवाडीमागचा उतार फोडायला घेतला होता. जयवंताचा नामाही त्याच खाणीवर घण मारायला जात होता आणि फक्त बाजाराच्या दिवशी घरी येत होता. ठमीच्या घराची शेवळाची जागा नेमकी त्या उतारावर. वाडीत प्रत्येक घराची अशी जागा ठरलेली असते. दुसऱ्याच्या जागेत कोणी हात घालत नाही. आणि आपल्या जागेतलं पहिलं शेवळ देवाला दाखवल्याशिवाय त्या घरात पावसाळ्याची एकही रानभाजी शिजत नाही.

"आन ही जगली नाय तर?" जयवंतानं विचारलं.

ठमीनं फडक्याची गाठ उगाच मारली आणि सोडली. "मग वाडीतल्या पोशाच्या दारात जायचं. शेवळं जास्ती त्याच्याच जागेत. त्याच्या जागेतलं शेवळ मागायचं. एकदा मागितलं का आमी त्याच्या देवाखाली. त्याला दुसरी बायकू करायचीय. माझी कोंडी मागितलीय त्यानं. मी नाय म्हनली. पन त्याचं शेवळ खाल्लं का कोनत्या तोंडानं नाय म्हनू?"

पोशाला जयवंतानं बाजारात पाहिलं होतं. कोंडाजीच्या वयाचा असेल. कोंडीला तर अजून लुगडं नीट नेसता येत नव्हतं.

"वरकसात लाव," ती म्हणाली. भात न होणारी ती उताराची जमीन घरामागेच होती. "ऐनाच्या झाडाखालचा कोपरा रिकामाच हाय."

"कोंडाजीबाला इचार आधी."

"इचारते." आणि विचारलं काही नाही, हे सांगायला नकोच.

ठमीनं खणतीनं, टोकाला लोखंड बसवलेल्या त्या काठीनं, खड्डे घेतले. कोपरापर्यंत हात आत जाईल इतके खोल. जयवंता शेजारी उकिडवी बसून प्रश्नांमागून प्रश्न विचारत होती. एवढं खोल कशाला, हळद तर आमी चार बोटांवर लावतो. पाणी किती घालायचं? शेणखत?

"पानी नाय. खत नाय."

"मग मी करायचं काय?"

"काय नाय करायचं." ठमीनं शेवटच्या खड्ड्यावर माती लोटली आणि तळव्यानं दाबली. "आन बघायचं नाय."

ठमी गेली आणि जयवंता तिथंच बसून राहिली. बाकी सगळं तिला जमण्यासारखं होतं.

माघ कसाबसा निघाला. फाल्गुनात वरकसाला भेगा पडल्या. गवत पायाखाली मोडायचं आणि त्याचे तुकडे टाचेत शिरायचे. गोठ्यातल्या म्हशीला दिवसात दोनदा पाणी दाखवावं लागत होतं, आणि ते खालचे मुके जीव पौषापासून थेंबाशिवाय. जयवंता शेण टाकायला जाता येता त्या कोपऱ्यापाशी थबकायची. जगले असतील का? सुकून भुगा झाले असतील का? आपण शब्द दिला, पोरीचं त्यावर ठरणार, आणि खाली काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नाही, हे काही बरोबर नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. एकदा असं समजावलं की मग खुरपं हातात यायला कितीसा वेळ लागतो.

तिनं एक कंद काढला. होता तसाच होता. नख मारलं तर आत पांढराशुभ्र, आणि नखाच्या खुणेत पाणी साचलं. जयवंता तोंडाचा आ करून बघत राहिली. आजूबाजूला हातभर खोल ओल नाही आणि ह्याच्या पोटात पाणी. आणलं कुठून? तिनं कंद परत ठेवला, माती लोटली आणि घरी आली.

घरी येईपर्यंत हात पेटले. बोटांच्या बेचक्यांतून सुरू झालेली खाज कोपरापर्यंत चढली. भाकरी थापता येईना. एक फाटली, दुसरी चंद्रकोरीसारखी झाली. कोंडाजी पाटावर बसून बघत होता.

"हाताला काय झालं गं?"

"काय नाय, मामंजी."

"सुरण तर घरात नाय. मग खाजवतंस कशाला?"

जयवंता खोटं बोलण्यात कच्ची होती. चिंचेचा कोळ हाताला चोळता चोळता तिनं सगळं सांगून टाकलं. कोंडाजी तापला. "माझ्या जमिनीत ठाकराचे कंद, आन मला ठाव नाय? उद्या ते म्हनतील झाड आमचं, परवा म्हनतील जमीन आमची." तो बराच वेळ बोलत राहिला. मग भाकरीचा तुकडा हातातच धरून थांबला.

"पानी नाय म्हनतंस?"

"थेंब नाय."

"आन आत ओला?"

"नख मारलं तर पानी सुटलं."

"खोटं."

"तुमीच बघा की."

"मला कामं हायत," कोंडाजी म्हणाला आणि जेवून उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शेतावरून आला तो दोन्ही हात धोतराला घासत. ओटीवर बसला, एक पाय दुसऱ्या पायावर टाकला, परत काढला. जयवंतानं पाणी दिलं.

"जरा चिंच दे," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

तिनं चिंच दिली. कशाला म्हणून विचारलं नाही. चार गोष्टींचं कुतूहल असणाऱ्या बाईला एखाद्या गोष्टीचं नसतंही.

चैत्रात तिनं पुन्हा उकरलं. आता कंदाच्या माथ्यावर डोळा आला होता, गुलाबी, बारीक टोकाचा. वर आग ओकणारं ऊन, आणि ह्याला पाऊस येणार हे कोणी सांगितलं? ती इतकी हरखली की शेजारचा कंद काढला, मग त्याच्या शेजारचा. सगळ्यांना डोळे. परत पुरताना तिनं ते तिन्ही चार बोटांवरच ठेवले. पुढल्या वेळी बघायला सोपं जाईल म्हणून. तिच्या घरी हळद, आलं, सगळं चार बोटांवरच लावत आले होते, आणि कशाचं काही बिघडलं नव्हतं.

वैशाखात जयवंता भावाच्या लग्नाला कुंभिवलीला गेली. परत आली तर घरामागे पोपट घाम गाळत होता. ऐनाखालच्या कोपऱ्यावर शेणाचा थर पडला होता, त्यावर कवळ, त्यावर गवत आणि पालापाचोळा, आणि सगळ्यांवर तो आता ढेकळांची माती पसरत होता. राब तयार झाला होता. तो भाजायचा, त्या राखेत भात पेरायचं आणि रोपं झाली की उपटून शेतात लावायची, ही तिकडची शेतीची रीत. राबाशिवाय रोप नाही आणि रोपाशिवाय भात नाही.

"इथं कशाला?" जयवंता ओरडलीच. "राब तिकडं असतो दरवर्षी."

"तिकडची माती दमली, वयनी. गेल्या साली रोपं पिवळी पडली ना? हा कोपरा निवांत पडलाय."

"खाली ठमीचे कंद हायत."

"मग रोपं काय तुझ्या पदरात करू?"

ती सासऱ्याकडे गेली. कोंडाजी गोठ्यात दावं वळत होता. त्यानं ऐकून घेतलं, दाव्याला पीळ दिला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "आधी घरचं पोट. राब मोडता येनार नाय." थोड्या वेळानं त्यानं पुस्ती जोडली, "रानात बी वनवा लागतोच की. तरी दर साली निघतात ना?"

ही गोष्ट जयवंताच्या ध्यानात आली नव्हती. तेवढ्या आशेवर ती गप्प बसली.

वारा मंदावल्यावर पोपटानं राब पेटवला, वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे सावकाश जळेल आणि माती नीट भाजेल. धूर जमिनीलगत रांगत घरात शिरला. जयवंताचे डोळे चुरचुरले आणि ती ते पुसत बसली. ते पाणी धुराचं होतं तसं दुसरंही होतं.

राख निवल्यावर ती गेली. चार बोटं माती बाजूला केली आणि तिचा पहिला कंद हाती लागला. भाजलेल्या रताळ्यासारखा मऊ, साल सुटलेली, डोळा काळा. दुसरा तसाच. तिसराही. जयवंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आगीनं मारले नव्हते, हिच्या बघण्यानं मारले होते. ठमीनं ठेवले तिथं राहिले असते तर त्यांना झळही लागली नसती. तिनं आजूबाजूची राख चाचपली तेव्हा जराशा अंतरावर आणखी एक लागला. तोही चार बोटांवर, तोही भाजलेला. हा तिनं कधी काढला नव्हता.

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग चौघांनाही पदरात घेऊन तिनं बांधापलीकडे पुरलं. बाकीच्यांच्या वरची माती तिनं हलवली नाही. हात शिवशिवत होते. ते तिनं मांड्यांखाली दाबले आणि तशीच बसून राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा न बघता घरी आली.

ज्येष्ठ लागायच्या आत वळवाची एक सर आली. पुढचे दिवस जयवंता उठल्याबरोबर आधी राबाकडे जायची. काळी राख, त्यावर पावसाचे टिपके, बाकी काही नाही. मग एका सकाळी राखेला एक चीर पडलेली दिसली. दुसऱ्या दिवशी चिरेतून टोक वर आलं. पान नाही, देठ नाही, नुसता मिटलेला, ठिपक्याठिपक्यांचा सुळका. त्याच्या पलीकडे एक, ऐनाच्या मुळाशी दोन, आणि बांधाला लागून एक. अशी पाच.

जयवंता तिथल्या तिथं खाली बसली. तिला हसू येत होतं आणि रडूही. कोणी बघायला नव्हतं म्हणून तिनं दोन्ही केलं.

पण पोपट नांगर घेऊन निघाला होता. वळवानं माती भुसभुशीत झाली होती आणि राब उकरून भात टाकायची वेळ झाली होती. जयवंता बैलांच्या पुढ्यात उभी राहिली. "आजचा दिवस थांब. ठमीला बोलावते. तिनं तोडली का मग चालव."

आवाज ऐकून कोंडाजी आला. तो वाकला आणि राखेतल्या त्या सुळक्याकडे बघत राहिला. बोट पुढं केलं, पण लावलं नाही.

"थांब आजचा दिवस," तो पोपटाला म्हणाला.

ठमी लेकीला घेऊनच आली. कोंडीच्या हातात पानाचा द्रोण होता, त्यात मूठभर तांदूळ. ठमीनं पाच सुळके बघितले आणि तिचा चेहरा उजळला. मग तिची नजर मधल्या मोकळ्या जागांवर गेली. तिनंच लावले होते, जागा तिला पाठ होत्या.

"इथं? आन इथं?"

"मी उकरले," जयवंता म्हणाली. "बघायला. आन वरवर पुरले. भाजले ते."

ठमीनं तिच्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "सांगितलं होतं ना गे," एवढंच ती म्हणाली. मग चौथ्या जागेकडे बोट केलं. "आन हा बी तूच?"

कोंडाजी घसा खाकरून आभाळ बघायला लागला. आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं. ठमीनं एकदा त्याच्या हातांकडे बघितलं आणि पुढं विचारलं नाही.

"बरं, एक दगड पायजे," ती म्हणाली.

"कशाला?" कोंडाजीची मान खाली आली.

"देव नाय बसवायचा? आमचा तिकडचा दगड खडीत गेला."

"देव इथं?" कोंडाजी दोन पावलं पुढं झाला. "माझ्या राबात? अगं, घरी ने की तोडून. तिकडं दाखव."

"जिथं निघालं तिथंच दावायचं. तोडलं का मग ती भाजी झाली."

"हे तू आधी का नाय बोलली?" जयवंतानं विचारलं.

"तू सगळं इचारलंस. हे नाय इचारलं."

कोंडाजी रागानं लाल झाला होता. "आज दगड बसवायचा. उद्या कोंबडं कापायचं. परवा तिथं नांगर लावला तर म्हनायचं कोप होईल. वरच्या आळीतल्या कान्हाचा अर्धा बांध असाच गेला. नाय. दगड नाय बसायचा माझ्या जमिनीत."

बैल शेपट्या हलवत उभे होते. कोंडी द्रोण दोन्ही हातांनी धरून आईकडे बघत होती. तिला यातलं किती कळत होतं कोण जाणे. ठमी तांदळांकडे बघत म्हणाली, "मग पोशाकडं जाते," आणि वळली.

कोंडाजीनं त्या द्रोणाकडे बघितलं. चौथ्या मोकळ्या जागेकडे बघितलं. हात पाठीमागे घेऊन एकमेकांत चोळले. मग एकदम त्याच्या तोंडावर शेतकऱ्याची ती हुशारी आली, जी बाजारात बैल विकताना येते.

"सूनबाई, घरातला वरवंटा आन."

"वरवंटा?"

"दगडच हाय ना? तो ठेवा. त्याच्यापुढं दाखवा काय ते. सांजच्याला परत आमच्या पाट्यावर. घरातली वस्तू घरात, आन जमीन मोकळी." तो ठमीकडे वळला. "चालंल का तुझ्या देवाला?"

ठमीनं विचार केला. "त्याला बसायला दगड लागतो," ती म्हणाली. "कुनाचा का असंना."

जयवंतानं वरवंटा धुऊन आणला. मिरच्या वाटून वाटून तो मधे बारीक झाला होता. ठमीनं तो ऐनाच्या मुळाशी उभा केला, पुढे तांदूळ वाहिले, पुटपुटत काही सांगितलं आणि त्यात आपल्या आजीचं, आईचं आणि कोंडीचं नाव घेतलं. मग पहिलं शेवळ तोडून वरवंट्यापुढं ठेवलं. जांभळट कोंब उघडा पडला आणि त्याचा उग्र वास राखेवर पसरला. कोंडाजीनं आपल्या नकळत डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं होतं. ठमीनं आणखी दोन तोडली, दोन जमिनीतच ठेवली. कोंडीनं वरवंटा ओढ्यावर धुतला आणि अंगणाच्या कडेला आणून ठेवला. तिथून जयवंतानं उचलला. ह्या वेळी अंतर तेवढंच होतं, पण जयवंता आणि ठमी, दोघींनाही ते जास्त वाटलं.

दिवस कलला. भाकऱ्या झाल्या. जयवंतानं पाट्यावर मीठ, मिरची आणि लसूण ठेवली आणि वरवंटा हातात घेतला. त्याच्या एका बाजूला तांदळाचा एक दाणा धुऊनही अजून चिकटलेला होता. तिनं वरवंटा खाली ठेवला.

"वाट की, वयनी," पोपट म्हणाला. "भूक लागलीय."

"माझा हात नाय चालत. मामंजी बोलले ना परत पाट्यावर? त्यांनीच वाटावं."

"त्यात काय एवढं? दगडच हाय," कोंडाजी म्हणाला. पाट्याशी बसला. दोन्ही हातांनी वरवंटा धरला आणि मिरचीवर टेकवला. पुढं रेटायचा तेवढा राहिला. जयवंता बघत होती, पोपट बघत होता. म्हाताऱ्यानं हळूच तो दाणा बोटानं काढायला घेतला आणि काढला नाही.

"आज कोरडीच खाऊ," तो म्हणाला.

कोरडी भाकर पाण्याबरोबर घशाखाली घातली. पोपट कुरकुरला. उद्या बाजारातून दुसरा वरवंटा आणायचा का, असंही त्यानं विचारून बघितलं. कोंडाजी जेवून उठला, वरवंटा मुंडाशात गुंडाळला आणि काखेत मारला. बाहेर अजून उजेड होता.

"कुठं, मामंजी?"

"ठेवून येतो. आन पोपट, उद्या नांगर ऐनापासून चार हात अलीकडून फिरव."

"म्हंजे जमीन गेली आपली," पोपट म्हणाला.

कोंडाजी उंबऱ्यात थांबला. "पोशा काय गप बसनार हाय? उद्या चार लोकांत इचारंल, ठमे, तुझा देव कुठं बसतो. मग तिनं काय सांगायचं? कोंडाजीच्या पाट्यावर?"

आणि तो राबाकडे चालू लागला.